अर्धवट कार्यालय सगळ्यांत महाग पडते

1 जुलै 2024 रोजी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आणि 1973 ची फौजदारी प्रक्रिया संहिता इतिहासजमा झाली. त्या वेळी चर्चा झाली ती ई-एफआयआरची, झडतीच्या व्हिडिओची आणि पाठ झालेले कलमांचे आकडे बदलल्याची. कलम 20 कडे वकील मंडळी सोडली तर फारसे कोणी पाहिले नाही. राज्यात अभियोग संचालनालय आणि प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा अभियोग संचालनालय उभारण्याची मुभा हे कलम राज्य सरकारला देते. सरकारी वकिलांचे जिल्हा पातळीवर स्वतःचे कार्यालय, त्यात उपसंचालक आणि सहायक संचालक, आणि कोणी कोणते खटले पाहायचे याची वाटणी. वाचताना नाव ठेवायला जागा नाही. खळखळ सुरू होते ती पुढच्या प्रश्नाला: यासाठी पैसा किती लागणार आणि तो आणायचा कुठून?

माझी नोकरी लेखा खात्यात गेली, त्यामुळे हा प्रश्न मला क्षुद्र वाटत नाही. न्यायाला किंमत लावू नये असे म्हणणाऱ्यांनी एकदा मार्चअखेरीस कोषागारात येऊन बसावे. न्यायाची देयकेही इतर देयकांसारखीच येतात, त्रुटी निघून परत जातात आणि 31 तारखेला धापा टाकत पुन्हा हजर होतात. तेव्हा खर्चाबद्दल बोलायलाच हवे, फक्त ते सगळ्या खर्चाबद्दल असावे. माझे म्हणणे असे की नागपूर जिल्ह्याला हे कार्यालय पूर्ण दिले तर ते स्वस्त पडेल. मुळीच दिले नाही तर आजचा तोटा आहे तसा चालू राहील. पण अर्धे दिले, तर ते सगळ्यांत महाग पडेल. आणि सरकारी सवयी पाहता अर्धेच मिळण्याची शक्यता मला जास्त दिसते.

आधी आजची घडी पाहू. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या कोर्टात सरकारची बाजू मांडतात ते सहायक सरकारी अभियोक्ते. लोकसेवा आयोगामार्फत आलेले गट-अ चे पगारी अधिकारी, खाते गृह विभागाचे. खटला सत्र न्यायालयात गेला की बाजू येते जिल्हा सरकारी वकिलाकडे किंवा त्याच्या अतिरिक्त सहकाऱ्याकडे. हा बहुधा वकिली करणारा माणूस, मुदतीपुरता नेमलेला, मानधनावर काम करणारा. त्याची नेमणूक 1984 च्या महाराष्ट्र विधी अधिकारी नियमांखाली होते आणि फाइल विधी व न्याय विभागात फिरते. म्हणजे खुनाचा गुन्हा रामटेकला नोंदला गेला, तर रिमांडच्या वेळी उभा राहणारा वकील एका खात्याचा आणि शेवटचा युक्तिवाद करणारा दुसऱ्या. त्या दोघांची कधी गाठ पडेलच असे नाही. पहिल्याच्या नजरेला आलेली उणीव दुसऱ्याच्या कानावर घालण्याची जबाबदारी नावानिशी कोणावर आहे, हे विचारले तर दोन्ही खाती एकमेकांकडे बोट दाखवू शकतात. खर्चही दोन विभागांच्या मागण्यांत विखुरलेला. 'नागपूर जिल्ह्यात सरकारी पक्ष चालवायला वर्षाला किती लागतात?' या साध्या प्रश्नाचे एकरकमी उत्तर काढायचे म्हटले तर दोन विभागांचे उंबरठे झिजवावे लागतील.

ही घडी मोडा, असे सांगणारेही आजचे नाहीत. स्वतंत्र अभियोग विभाग हवा अशी शिफारस विधी आयोगाच्या 14 व्या अहवालात 1958 सालीच आहे. पुढे 1973 ची संहिता आली तेव्हा खटला चालवणारा तपास करणाऱ्याच्या हाताखाली नसावा, हे तत्त्व कायद्यात आले. तरी महाराष्ट्रातले सहायक अभियोक्ते पोलीस खात्याच्याच छत्राखाली राहिले. 1995 मध्ये एस. बी. शहाणे विरुद्ध महाराष्ट्र शासन या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाला आपल्या राज्याला सांगावे लागले की यांना पोलिसांपासून सोडवा, वेगळा संवर्ग करा, वेगळा विभाग करा. मग 2005 च्या दुरुस्तीने जुन्या संहितेत संचालनालयाचे कलम आले आणि आता नव्या संहितेने ते जिल्ह्यापर्यंत खाली आणले. 1958 ते 2024 म्हणजे सहा दशकांहून जास्त काळ. घाईघाईत नवे काहीतरी लादले जात आहे, ही तक्रार निदान इथे कोणी करू नये.

आता पैशाचे बोलू. खालचे आकडे माझे ढोबळ गणित आहे, कुठल्या शासन निर्णयातले नाहीत. समजा नागपूर जिल्ह्यासाठी एक उपसंचालक, चार सहायक संचालक आणि कोर्टात प्रत्यक्ष उभे राहणारे वीस जादा अभियोक्ते धरले. गट-अ च्या 56,100 रुपये मूळ वेतनाच्या टप्प्यापासून वर, महागाई भत्ता, घरभाडे, निवृत्तिवेतनातला सरकारी वाटा हे सगळे मिळवून माणशी सरासरी सोळा लाख रुपये वर्षाला लागले, तर पंचवीस जणांचे चार कोटी. त्यांना दहा लघुलेखक, पंधरा लिपिक-टंकलेखक, दहा शिपाई आणि इतर. पस्तीस जणांचे साधारण सव्वादोन कोटी. भाडे, गाडी, संगणक, कायद्याचे संदर्भ, टपाल, वीज यांना पाऊण कोटी. सारे मिळून सात कोटींच्या आसपास. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या साडेशेहेचाळीस लाख होती. म्हणजे डोई वर्षाला पंधरा रुपये. तर्री-पोह्याची एक प्लेट यात बसत नाही.

याच्या बाजूला राज्याचा अर्थसंकल्प ठेवून पाहा. 2025-26 चा अर्थसंकल्प सात लाख कोटींचा आणि महसुली तूट पंचेचाळीस हजार कोटींच्या पुढे. सात कोटींनी ती तूट हलतही नाही. पण वित्त विभागातला माणूस तुम्हाला सांगेल, आणि त्याचे बरोबरच आहे, की नवे पद म्हणजे एका वर्षाचा खर्च नव्हे. एक पद निर्माण झाले की तीस वर्षांचा पगार, त्यानंतरचे निवृत्तिवेतन आणि दर दहा वर्षांनी येणारा वेतन आयोग सोबत येतो. शिवाय नागपूरला दिले की अमरावती मागते, अमरावतीला दिले की गडचिरोली. छत्तीस जिल्ह्यांचा हिशेब मांडला की सात कोटींचे अडीचशे होतात. म्हणून आकृतिबंध, म्हणजे मंजूर पदांचा आराखडा, ठरतो, उच्चस्तरीय सचिव समिती बसते आणि कात्री चालते. कात्री चालायलाही हरकत नाही. ती कुठे चालते, त्यावर सगळे ठरते.

माझ्या अनुभवात ती नेहमी खालून चालते. उपसंचालकाचे पद कापले जात नाही, कारण तो फलकावरचा माणूस. त्याची गाडी आणि दालनही कापले जात नाही. कापले जातात लघुलेखक. लिपिक 'बाह्यस्रोताद्वारे' होतात. अभियोक्त्यांची पदे 'टप्प्याटप्प्याने' भरायची ठरतात आणि टप्पा येईपर्यंत कोणाकडे तरी 'अतिरिक्त कार्यभार' जातो. हा अतिरिक्त कार्यभार म्हणजे सरकारी कारभारातली सर्वांत लबाड काटकसर. कागदावर दोन पदे भरलेली दिसतात, पगार एकच जातो आणि काम दोन्हीकडचे थांबते.

या बाबतीत ही सवय जास्त घातक आहे, कारण कलम 20 ने वाटलेले काम मुख्यतः देखरेखीचे आहे. दहा वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेचे, जन्मठेपेचे आणि मृत्युदंडाचे खटले संचालकाने पाहायचे. सात ते दहा वर्षांच्या टप्प्यातले उपसंचालकाने, त्यातले पोलिसांचे दोषारोपपत्र तपासून. सात वर्षांच्या आतले सहायक संचालकाने. पाहायचे, तपासायचे, लवकर निकाली निघावेत म्हणून पाठपुरावा करायचा. उत्तम. पण साक्षीदाराला पिंजऱ्यात प्रश्न विचारणारा माणूस या तिघांपैकी रोजच्या रोज कोणीच नाही. तो खाली आहे, आणि त्याची संख्या वाढवली नाही तर होईल ते असे: आज ज्याच्या हाताखाली दोन कोर्टे आहेत त्याला उद्या दोन कोर्टे अधिक तीन मासिक विवरणपत्रे मिळतील. वरच्या पाच जागा, दहा कर्मचारी, गाड्या, भाडे धरले तर या अर्ध्या कार्यालयाला दोन-सव्वादोन कोटी तरी लागतीलच. सातऐवजी दोन, म्हणून वित्त विभाग खूश. पण त्या दोन कोटींत एका साक्षीदाराचीसुद्धा साक्ष जास्त होणार नाही. सात कोटींत काहीतरी मिळते, दोन कोटींत फक्त पाटी मिळते.

मग आजचा तोटा नेमका कुठे पडतो? तो कुठल्याच लेखाशीर्षाखाली दिसत नाही, म्हणून तो नाही असे आपण समजतो.

नरखेडच्या बाजूचा एखादा शेतमजूर घ्या. मारहाण त्याने पाहिली, पोलिसांनी जबाब घेतला आणि तीन-चार वर्षांनी हवालदार समन्स घेऊन दारात आला. सत्र खटला आहे, म्हणजे नागपूर गाठायचे. संत्र्याचा बहार तोडणीला आलेला असला तरी. पहाटेची गाडी धरून तो साडेदहाला कोर्टाच्या व्हरांड्यात येतो. त्याला कोणाला भेटायचे ते ठाऊक नसते. पैरवीचा हवालदार सांगतो, 'बसा बाकावर, पुकारा झाला की या.' सरकारी वकील पलीकडच्या कोर्टात दुसऱ्या खटल्यात गुंतलेले. दुपारी ते घाईने येतात, काखेत गठ्ठा, गठ्ठ्याला सुतळी. 'तुमचं नाव? बरं, तुम्ही काय पाहिलं होतं?' तीन-चार वर्षांनी या माणसाला आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी हे विचारते आणि उत्तर ऐकायला पाच मिनिटे असतात. जबाब वाचून दाखवायला घेतला तर मधले पान सापडत नाही. तेवढ्यात न्यायाधीश साहेब बोर्डावरचे वरचे प्रकरण घेतात, आरोपीचा वकील अर्ज देतो आणि तारीख पडते. साक्षीदार भत्त्याची तरतूद कायद्यात आहे. ती मागायची असते हे त्याला कोण सांगणार? तो स्टेशनवर जातो. दुसऱ्यांदा हेच झाले की तिसऱ्या वेळी तो साक्ष बदलतो किंवा येतच नाही, आणि आपण वर्तमानपत्रात वाचतो, 'साक्षीदार फितूर'. प्रत्येक फितुरीमागे पैसा किंवा धमकी असतेच असे नाही. कित्येकदा नुसता कंटाळा असतो.

मघासारखेच एक गणित मांडू. एका खटल्यात दहा साक्षीदार आणि प्रत्येकाच्या दोन फेऱ्या फुकट. मजुरी, भाडे, चहापाणी मिळून फेरीला सहाशे रुपये धरा. एका खटल्यामागे बारा हजार झाले. जिल्ह्यात वर्षाला असे हजार खटले धरले तर एक कोटी वीस लाख. हा पैसा सरकारने खर्च केलेला नाही. नरखेड, भिवापूर, कुही, पारशिवनीच्या माणसांनी केलेला आहे, आणि अभियोक्त्याचे पद न भरल्यामुळे सरकारला झालेली बचत यातूनच निघाली आहे. लेखापरीक्षणात हिला काटकसर म्हणतात.

पोलिसांचेही तेच. तपास अधिकारी बदलून गडचिरोलीला गेलेला, साक्षीसाठी नागपूरला बोलावलेला, साक्ष झालीच नाही तरी प्रवासभत्ता निघाला आणि तिकडचे ठाणे दोन दिवस एका अधिकाऱ्याने रिकामे. नव्या संहितेत यावर उपाय आहेत. काही अहवालांबाबत बदलून गेलेल्या अधिकाऱ्याच्या जागी आलेला अधिकारी साक्ष देऊ शकतो आणि दृकश्राव्य माध्यमातूनही साक्ष होऊ शकते. पण त्यासाठी कोणीतरी आठवडाभर आधी फाइल उघडून अर्ज तयार करायला हवा. अर्ज टंकलिखित करायला हवा. कापलेला लघुलेखक इथे आठवतो.

तुरुंगाचा खर्च तर उघडच दिसतो, पण तो वेगळ्या खात्यात. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या 2022 च्या आकडेवारीत देशातल्या 5 लाख 73 हजार बंद्यांपैकी 4 लाख 34 हजार न्यायाधीन होते, म्हणजे चारांतले तीन. त्यांचा सगळा दोष सरकारी वकिलाच्या माथी मारणे अन्यायाचे होईल. न्यायाधीशांची रिक्त पदे आहेत, आरोपीला कोर्टात आणायला पोलीस मिळत नाहीत, जामीनदार मिळत नाही. पण ज्या तारखा केवळ सरकारी पक्ष तयार नव्हता म्हणून पडल्या, त्या प्रत्येक तारखेचा भत्ता, डाळ आणि पहारा वर्धा रोडवरच्या मध्यवर्ती कारागृहाच्या खर्चात लिहिला जातो. अभियोग विभागाच्या काटकसरीचे बिल कारागृह विभाग भरतो.

आणि सर्वांत मोठी गळती दोषारोपपत्राच्या छाननीत आहे. एक उदाहरण घेतो, कारण आजकाल प्रत्येक गुन्ह्यात ते येते. चौकातल्या दुकानाच्या सीसीटीव्हीत मारामारी टिपली गेली. पोलीस पेन ड्राइव्हमध्ये चित्रण घेऊन आले, पंचनामा झाला, सगळे खूश. पण इलेक्ट्रॉनिक पुराव्याची प्रत वापरायची तर प्रमाणपत्र लागते. जुन्या पुरावा कायद्यात ते 65-ब कलमाखाली होते. ते अनिवार्य आहे हे 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले, आणि तेही आपल्याच राज्यातल्या जालन्याच्या निवडणूक वादात, अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल. आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 खाली त्या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले आहेत, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा. शिवाय हॅश मूल्य, म्हणजे फाइलमध्ये फेरफार झालेला नाही हे दाखवणारा तिचा संगणकीय ठसा, नोंदवायचे. हे पोलिसांकडून राहून जाते. साठाव्या किंवा नव्वदाव्या दिवसाच्या आत दोषारोपपत्र गेले नाही तर आरोपी हक्काने जामिनावर सुटतो, म्हणून गठ्ठा एकोणसाठाव्या दिवशी तयार होतो आणि कोर्टाच्या दारातच सरकारी वकिलाच्या हातात पडतो. त्याने उणीव काढली तरी दुरुस्तीला वेळ नाही.

हाच गठ्ठा पंचविसाव्या दिवशी कोणी वाचला असता तर? दुकानदाराकडून प्रमाणपत्र घेता आले असते. त्याच्या यंत्रातले मूळ चित्रण जपून ठेवायला सांगता आले असते. घरगुती आणि दुकानातली बरीच यंत्रे काही दिवसांनी जुन्यावर नवे चित्रण चढवतात, तेव्हा पंचविसावा आणि एकोणसाठावा दिवस यांतला फरक वाटतो त्याहून मोठा आहे. वाचणाऱ्या माणसाला लागले असते चार तास. चार तासांत एक खटला उभा राहतो किंवा पाच वर्षे चालून, तीस तारखा खाऊन, पुराव्याअभावी पडतो. मी आयुष्यभर गुंतवणुकीवरील परताव्याचे तक्ते पाहिले, याच्याइतका परतावा देणारी बाब क्वचित पाहिली.

सगळ्या चुका मात्र अशा सुधारता येत नाहीत, हेही सांगितले पाहिजे. गांजा किंवा एमडी (मेफेड्रोन) या अमली पदार्थाच्या प्रकरणात अंगझडतीपूर्वी, राजपत्रित अधिकारी किंवा दंडाधिकारी यांच्यासमोर झडती घेण्याचा हक्क आरोपीला सांगितला नाही, तर नंतर कितीही हुशार अभियोक्ता आला तरी ती वेळ परत येत नाही. अशा ठिकाणी जिल्हा कार्यालयाचा उपयोग पुढच्या प्रकरणासाठी: एकाच ठाण्याकडून तीच चूक तिसऱ्यांदा आली हे कोणाच्या तरी लक्षात यायला हवे. गुजरात सरकार विरुद्ध किशनभाई या खटल्यात जानेवारी 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सर्व राज्यांना हेच सांगितले होते. निर्दोष सुटलेल्या प्रत्येक खटल्याची कारणे तपासा, चूक कोणाची ते ठरवा आणि त्यातून प्रशिक्षण घडवा. हे काम सुटे सुटे वकील करू शकत नाहीत, त्याला कार्यालयच लागते.

नागपूरकरांना हे वेगळे सांगायची गरज पडू नये. 13 ऑगस्ट 2004 रोजी कस्तुरबा नगरातल्या बायकांनी अक्कू यादव या गुंडाला भर कोर्टात ठार मारले. तो पुन्हा पुन्हा पकडला जातो आणि पुन्हा पुन्हा सुटतो, हा त्या वस्तीचा वर्षानुवर्षांचा संताप होता. कायदा हातात घेण्याचे समर्थन मी करणार नाही. पण या प्रकरणाचे दुसरे टोक लोक विसरतात. त्याच्या हत्येच्या खटल्यातले आरोपी 2014 मध्ये पुराव्याअभावी निर्दोष सुटले. जिवंत असताना त्याला आत ठेवता आले नाही आणि मेल्यावर त्याला कोणी मारले हे सिद्ध करता आले नाही. एकाच प्रकरणात सरकारी पक्ष दोन्ही वेळा हरला. याची रक्कम कुठल्या लेखाशीर्षाखाली दाखवायची?

आता आक्षेपांकडे येतो. मानधनावरचे वकील स्वस्त पडतात, कायम पदे कशाला, असे एक म्हणणे आहे. त्यात तथ्य आहे. चांगला फौजदारी वकील कधीकधी मानधनावरच मिळतो, नोकरीत येत नाही. पण मानधनाच्या नेमणुका सरकार बदलले की बदलतात, आणि अर्धा झालेला खटला तिसऱ्या माणसाच्या हातात जातो. गाजलेल्या खटल्यासाठी बाहेरून विशेष सरकारी वकील आणण्याची पद्धतही आपल्याकडे रुळली आहे. त्यावर कोणी कपाळाला आठी घालत नाही, कारण टीव्हीवर दिसणाऱ्या न्यायाला खर्च करायला आपण तयार असतो. उमरेडच्या चोरीच्या खटल्याला कोणी विशेष वकील मागत नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. हे संचालनालय गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणाखाली राहणार. पोलीसही त्याच विभागाचे. मग 1995 चा निकाल पोहोचला कुठवर? ज्या सचिवाच्या सहीने ठाणेदाराची बदली होते त्याच विभागाच्या हातात अभियोक्त्याचा गोपनीय अहवाल, तर 'हा पुरावा टिकणार नाही, दोषारोपपत्र परत न्या' असे सांगण्याचे धाडस किती जण करतील? फौजदारी न्यायव्यवस्थेतल्या सुधारणा सुचवणाऱ्या 2003 च्या मळिमठ समितीने तर संचालकपदी पोलीस महासंचालक दर्जाचा अधिकारी असावा असे सुचवले होते. नव्या संहितेने निदान ती वाट धरली नाही. संचालक आणि उपसंचालक होण्यासाठी पंधरा वर्षांची वकिली किंवा सत्र न्यायाधीशपदाचा अनुभव लागतो. खटले मागे घेण्याचा प्रश्नही इथलाच. आंदोलनातले गुन्हे मागे घेण्याचे निर्णय मंत्रालयात होतात आणि अर्ज मात्र सरकारी वकिलाच्या सहीने जातो. आमदार-खासदारांवरचे खटले उच्च न्यायालयाच्या परवानगीशिवाय मागे घेऊ नका, असे ऑगस्ट 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले, ते उगीच नव्हे. तेव्हा स्वातंत्र्य हवे असेल तर तेही आकृतिबंधात दिसले पाहिजे: ठरावीक मुदतीची नेमणूक, गोपनीय अहवालात पोलिसांचा शब्द नाही आणि छाननीचा शेरा लेखी. याला एक पैसाही लागत नाही. कदाचित म्हणूनच ते सर्वांत अवघड असावे.

आणि सरकारी पक्ष बळकट करताना दुसऱ्या बाजूचे काय? राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाने 2022 पासून गरीब आरोपींसाठी पूर्णवेळ बचाव वकिलांची योजना आणली, आपल्याकडे त्यांना लोकअभिरक्षक म्हणतात. अभियोग कार्यालयाला सात कोटी द्यायचे आणि लोकअभिरक्षकाची नुसत्या टेबलखुर्चीवर बोळवण करायची, हे होता कामा नये. बचाव दुबळा असला की अभियोग आळशी होतो.

या कार्यालयाचे मोजमाप शिक्षेच्या टक्क्यावर करू नये, असेही मी आग्रहाने म्हणेन. टक्का वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे कबुलीची किरकोळ प्रकरणे पुढे रेटायची आणि अवघड खटले रेंगाळत ठेवायचे. सरकारी वकिलाचे काम आरोपीला कसेही करून आत टाकणे नव्हे, न्यायालयापुढे सगळे सत्य ठेवणे आहे, हे आपली न्यायालये अनेकदा सांगून चुकली आहेत. मोजायचे ते वेगळे. साक्ष न होता किती साक्षीदार परत गेले. सरकारी पक्षामुळे किती तारखा पडल्या. किती दोषारोपपत्रे मुदतीच्या किमान पंधरा दिवस आधी छाननीला आली. कुठल्या ठाण्याची तीच उणीव पुन्हा आली. हे आकडे तालुकानिहाय, दर तीन महिन्यांनी, जिल्ह्याच्या संकेतस्थळावर मराठीत. एका लिपिकाचे काम आहे, त्याला बाह्यस्रोत करू नका.

पैसे एकदम मिळणार नाहीत हे मी धरून चालतो. मग क्रम उलटा लावावा. पहिल्या वर्षी काटोल, रामटेक, उमरेड, सावनेरसारख्या बाहेरच्या कोर्टांसाठी अभियोक्ते आणि त्यांच्यासोबत लघुलेखक. कोर्टाच्या आवारात साक्षीदारांना बसायला एक खोली आणि त्यांना भत्त्याचा अर्ज भरून देणारा एक माणूस. दुसऱ्या वर्षी छाननीचा कक्ष. उपसंचालकाचे दालन, गाडी आणि पाटी तिसऱ्या वर्षी आली तरी चालेल. तोवर आहे त्यापैकी ज्येष्ठ अधिकाऱ्याला ते काम देता येते. अतिरिक्त कार्यभार द्यायचाच असेल तर तो वरच्या जागेचा द्या, खालच्या जागेचा नको.

डिसेंबरात सिव्हिल लाइन्समध्ये अधिवेशन भरते, पुरवणी मागण्या येतात आणि तासाभरात मंजूर होतात. या जिल्ह्याचे विधानसभेत बारा आमदार आहेत. गृह विभागाच्या मागणीत अभियोग संचालनालयाची ओळ आली, तर त्यांतल्या एकाने तरी उभे राहून विचारावे की या रकमेत कोर्टात उभे राहणारे किती, त्यांचे टंकलेखन करणारे किती आणि पदे कोणत्या तारखेपर्यंत भरणार. लेखी उत्तर मागावे आणि पुढच्या डिसेंबरात तोच कागद पुन्हा काढावा.